गाळलेले प्रकरण : अमेरिकन लोकसेवकांच्या तीन ग्रंथांविषयी

१

राज्यकारभारात आयुष्य वेचलेला मनुष्य आत्मचरित्र लिहितो तेव्हा वाङ्मयाच्या टीकाकाराची थोडी पंचाईत होते. इतिहासकाराचे काम त्या मानाने सोपे असते. तो अशा ग्रंथाकडे साधन म्हणून पाहतो, त्यातील तारखा आणि भेटीगाठी पारखून घेतो आणि उरलेला भाग बाजूला ठेवतो. टीकाकार मात्र भाषाशैली, प्रसंगचित्रण, व्यक्तिरेखन या परिचित कसोट्या लावतो, ग्रंथ वाचनीय आहे किंवा नाही असा निर्णय देतो आणि मोकळा होतो. कादंबरीच्या बाबतीत या कसोट्या पुरेशा असतील. कादंबरीकाराने काय सांगावे आणि काय गाळावे हा सर्वस्वी त्याचा अधिकार आहे; गाळलेल्या गोष्टीबद्दल त्याला कोणी जाब विचारू शकत नाही. लोकसेवकाचे तसे नाही. ज्या काळात त्याच्या हाती सत्ता होती तो काळ त्याच्या एकट्याच्या मालकीचा नसतो. त्याच्या एका सहीने ज्यांचे आयुष्य पालटले, आणि त्याने न केलेल्या सहीने ज्यांचे आयुष्य उद्ध्वस्त झाले, त्यांचाही त्या काळावर हक्क असतो. म्हणून लोकसेवकाच्या आत्मचरित्रातील मौन हा निव्वळ कलात्मक संयम मानून चालत नाही. त्याचेही परीक्षण झाले पाहिजे, आणि ते वाङ्मयाच्या अंगाने झाले पाहिजे. कारण ते मौन भाषेतच घडलेले असते.

अमेरिकेच्या राजकीय इतिहासाने या विचाराला एक विलक्षण अनुकूल उदाहरण पुरविले आहे. १८६१ ते १८६५ या काळातील यादवी युद्ध आणि त्यानंतरचा, साधारणतः १८७७ पर्यंतचा, पुनर्रचनेचा काळ यांच्याभोवती तीन ग्रंथ उभे आहेत. पहिला युलिसिस ग्रँट यांच्या आठवणींचा. तो १८८५-८६ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. दुसरा हेन्री ॲडम्स यांचा, आपल्या ‘शिक्षणा’ची हकीकत सांगणारा, १९०७ मध्ये त्याच्या शंभर प्रती खासगी रीतीने छापल्या गेल्या आणि लेखकाच्या मृत्यूनंतर, १९१८ मध्ये, तो सर्वांच्या हाती आला. तिसरा जॉन रॉय लिंच यांचा, पुनर्रचनेतील वस्तुस्थिती मांडणारा. तो १९१३ चा. पहिले दोन अमेरिकन गद्याचे मानदंड म्हणून गणले जातात. तिसरा वाङ्मयाच्या इतिहासात क्वचितच येतो. पहिल्या दोन ग्रंथांत एकेक मोठे प्रकरण गाळलेले आहे, आणि त्यांपैकी एक प्रकरण तिसऱ्याने लिहिले, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२

ग्रँट यांनी लेखणी हाती घेतली ती यशाच्या शिखरावरून नव्हे. यादवी युद्धात उत्तरेच्या सर्व सैन्याचे नेतृत्व करून त्यांनी विजय मिळविला होता. १८६९ ते १८७७ अशी आठ वर्षे ते राष्ट्राध्यक्ष होते. पण १८८४ च्या मे महिन्यात, ज्या पेढीत त्यांनी आपले सर्वस्व गुंतविले होते ती भागीदाराच्या लबाडीमुळे बुडाली. उसने घेतलेले दीड लक्ष डॉलर फेडण्यासाठी त्यांनी आपल्या तलवारी आणि मानचिन्हेसुद्धा धनकोच्या स्वाधीन केली. त्याच वर्षी घशाच्या कर्करोगाचे निदान झाले. कुटुंबाच्या निर्वाहाची काही तरतूद व्हावी म्हणून त्यांनी युद्धाच्या आठवणी लिहावयास घेतल्या. प्रकाशनाची जबाबदारी मार्क ट्वेन यांनी आपल्या संस्थेकडे घेतली. आरंभी ग्रँट मजकूर सांगत आणि लेखनिक तो उतरून घेई; पुढे आवाज गेला तेव्हा ते स्वतः लिहू लागले. १८८५ च्या जुलैमध्ये काम संपले आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेला त्यांचा अंत झाला. ग्रंथाच्या विक्रीतून त्यांच्या पत्नीला सुमारे साडेचार लक्ष डॉलर मिळाले.

ही हकीकत करुण आहे आणि ग्रंथाच्या कीर्तीत तिचा वाटा आहे. परंतु ग्रंथाची थोरवी त्या करुणतेवर अवलंबून नाही. ग्रंथात मृत्यूची छाया जवळजवळ कोठेच पडलेली नाही. छोटी, सरळ वाक्ये; विशेषणांचा अभाव; घटनेचा क्रम आणि भूमीचा उतार यांविषयी पक्की जाण; आणि स्वतःविषयी बोलताना एक प्रकारची कोरडी, मिस्किल प्रामाणिकता, असे हे गद्य आहे. रणांगणावर घोड्यावरून उतरून, गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलेल्या आज्ञांची सवय या गद्याला आहे. आज्ञेतील एखादा शब्द संदिग्ध राहिला तर माणसे मरतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याचे हे लेखन आहे. अलंकार येथे गाळले गेले आहेत ते अभिरुचीमुळे नव्हे, जबाबदारीमुळे. इंग्रज टीकाकार मॅथ्यू आर्नल्ड यांनी या ग्रंथाचे कौतुक करतानाच त्यातील इंग्रजीच्या व्याकरणावर बोट ठेवले आणि मार्क ट्वेन त्यावर संतापले. आज तो वाद जुना झाला आहे. गद्य मात्र जुने झालेले नाही.

एक प्रसंग पुरेसा आहे. १८६१ मध्ये ग्रँट नुकतेच कर्नल झाले होते. मिसूरीतील एका टेकडीपलीकडे शत्रूचा कर्नल हॅरिस तळ देऊन आहे अशी खबर होती. टेकडी चढताना आपले हृदय कसे वरवर येऊन घशाशी दाटले, थांबावे असे किती वाटले आणि थांबण्याचे नैतिक धैर्य नसल्यामुळेच आपण पुढे कसे जात राहिलो, हे ते सांगतात. माथ्यावर पोहोचल्यावर दिसले ते रिकामे मैदान. आपल्याला हॅरिसची जितकी भीती वाटत होती तितकीच हॅरिसलाही आपली वाटत असली पाहिजे, ही गोष्ट त्या क्षणी प्रथमच ध्यानात आली आणि पुढे ती कधी विसरली नाही. सेनापतीच्या आठवणींत भित्रेपणाची अशी कबुली दुर्मिळ. आणि पुढे जाण्याच्या कृतीलाच धैर्याचा अभाव म्हणणारी कबुली तर त्याहून दुर्मिळ.

हीच वृत्ती मोठ्या विषयांतही टिकते. तरुण अधिकारी म्हणून ज्या मेक्सिकन युद्धात (१८४६-४८) ते लढले, ते युद्ध बलाढ्य राष्ट्राने दुर्बळ राष्ट्रावर लादलेल्या अत्यंत अन्यायकारक युद्धांपैकी एक होते असा निर्वाळा ते देतात आणि यादवी युद्ध हे त्याच पापाचे फळ मानतात. यादवी युद्धाचे कारण शोधताना ते गुलामगिरीपाशी थेट येतात, आडवळणे घेत नाहीत. १८६४ मधील कोल्ड हार्बर येथील शेवटचा हल्ला झाला याची आपल्याला कायम खंत वाटत आली, त्या प्रचंड हानीच्या बदल्यात काहीही पदरात पडले नाही, हे ते स्वतःच नोंदवितात. ९ एप्रिल १८६५ रोजी ॲपोमॅटॉक्स येथे जनरल ली शरण आले त्या प्रसंगाचे वर्णन तर संयमाचा आदर्श आहे. ली नव्या कोऱ्या गणवेशात. ग्रँट यांच्या अंगावर साध्या शिपायाचा चिखलाने माखलेला डगला. विजयाचा आनंद नाही. इतका काळ शौर्याने लढलेल्या शत्रूच्या पाडावाचे दुःख आहे. पण त्याच वाक्याच्या ओघात, ज्या कार्यासाठी तो शत्रू लढला ते कार्य माणसांनी कधी शस्त्र उचलले असेल अशांपैकी अत्यंत वाईट होते, हेही आहे. शत्रूविषयी औदार्य आणि शत्रूच्या कार्याविषयी निःसंदिग्ध निषेध या दोन गोष्टी एका वाक्यात नांदविणे हे साध्या गद्याचे काम नव्हे. ते साध्या दिसणाऱ्या गद्याचे काम आहे.

मृत्यूच्या आधी काही दिवस, बोलता येत नसल्यामुळे, ग्रँट कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून डॉक्टरांशी संवाद करीत. त्यांपैकी एका चिठ्ठीत त्यांनी म्हटले आहे की, आपण सर्वनाम नसून क्रियापद आहोत असे आपल्याला वाटते. कारण असणे, करणे आणि सोसणे या तिन्हींचा वाचक तो क्रियापद, आणि आपल्या ठायी ते तिन्ही अर्थ आहेत. ग्रंथाच्या शैलीचे याहून नेमके वर्णन कोणा टीकाकाराला साधलेले नाही. या आत्मचरित्रात ‘मी’ हा शब्द वारंवार येतो, पण वाचकाच्या मनात ठसते ती त्या ‘मी’ची आकृती नव्हे, त्याची कृती.

३

आणि तरीही हे क्रियापद एका ठिकाणी थांबते. १८६५ च्या आसपास ग्रंथ संपतो. समारोपात पुढील काळाविषयी दोन-चार उल्लेख येतात. सॅन्तो दोमिंगोच्या विलीनीकरणाच्या फसलेल्या योजनेचा त्यांत समावेश आहे. पण राष्ट्राध्यक्षपदाची आठ वर्षे या आठवणींत नाहीत. १८७७ ते १८७९ या काळात केलेला जगप्रवासही नाही. १८७९ च्या फेब्रुवारीत ग्रँट मुंबईस उतरले होते, म्हणजे या मौनात आपली मुंबईदेखील आहे.

याचे सरळ उत्तर असे की, प्रकाशकाला आणि वाचकाला युद्धाच्या आठवणी हव्या होत्या आणि लेखकापाशी वेळ नव्हता. हे उत्तर खरे आहे आणि मरणासन्न माणसाला त्याहून अधिक काही विचारणे निष्ठुरपणाचे होईल. प्रश्न माणसाला नाही, ग्रंथाला आहे. कारण ती आठ वर्षे रिकामी नव्हती. युद्धाने जे मिळविले ते कायद्यात उतरविण्याची ती वर्षे होती. १८७० मध्ये पंधरावी घटनादुरुस्ती अमलात येऊन वंश, वर्ण किंवा पूर्वीचे दास्य या कारणांवरून मताधिकार नाकारण्यास बंदी झाली. त्याच वर्षी न्यायखाते स्थापन झाले. कू क्लक्स क्लॅन या दहशती संघटनेविरुद्ध १८७१ मध्ये कायदा झाला आणि त्याच्या आधारे ग्रँट यांनी दक्षिण कॅरोलिनातील नऊ परगण्यांत बंदीप्रत्यक्षीकरणाचा हक्क तहकूब करून क्लॅनचे कंबरडे मोडले. याच वर्षांत त्यांच्या विश्वासातील माणसांची भ्रष्टाचाराची प्रकरणेही एकामागून एक उघडकीस आली.

या काळाविषयी ग्रँट यांचे स्वतःचे शब्द पाहावयाचे तर १८७६ च्या डिसेंबरात काँग्रेसला पाठविलेल्या त्यांच्या अखेरच्या वार्षिक निवेदनाकडे वळावे लागते. तेथे व्याकरणाचा एक उद्बोधक पेच आढळतो. चुका झाल्या आहेत, असे ते कर्मणि रचनेत म्हणतात. लगेच, सर्वांना त्या दिसत आहेत आणि मी त्या मान्य करतो, असे कर्तरीत येतात. आणि पुन्हा, त्या चुका बहुधा साहाय्यकांच्या निवडीत झाल्या असाव्यात, असे म्हणून बाजूला सरतात. कोल्ड हार्बरच्या वाक्यातही हल्ला ‘झाला’ असेच म्हटले होते, परंतु तेथे खंत ‘मला’ होती आणि हानीचा हिशेब पुढे उघडा मांडला होता. निवेदनात तो हिशेब येत नाही. ज्याने स्वतःला क्रियापद म्हणवून घेतले त्याला राजकारणात शिरताच कर्त्याची जागा सोडावीशी वाटावी, ही केवळ ग्रँट यांची कथा नाही. रणांगणावर आज्ञा देणारा एक असतो आणि परिणाम समोर पडलेला असतो. राज्यकारभारात कृती अनेक हातांतून जाते, परिणाम दूर कोठेतरी, दुसऱ्याच्या अंगणात घडतो. तेथे कर्ता धूसर होणे फार सोपे असते.

४

ग्रँट यांनी रिकामी सोडलेली जागा भरून काढणाऱ्यांत हेन्री ॲडम्स यांची लेखणी सर्वांत धारदार होती. त्यांचे पणजोबा जॉन ॲडम्स आणि आजोबा जॉन क्विन्सी ॲडम्स हे दोघे राष्ट्राध्यक्ष. वडील चार्ल्स फ्रान्सिस ॲडम्स हे यादवी युद्धाच्या काळात लंडनमधील अमेरिकेचे वकील. लोकसेवा हा या घराण्यात व्यवसाय नव्हता, कुलधर्म होता. ॲडम्स यांच्या ग्रंथाची आरंभीची प्रकरणे या कुलधर्माचे अविस्मरणीय चित्र रेखाटतात. सहा-सात वर्षांचा हेन्री शाळेला जाणार नाही म्हणून हट्ट धरून बसला आहे. वृद्ध आजोबा ग्रंथालयातून बाहेर येतात, टोपी घेतात, मुलाचा हात धरतात आणि उन्हातून जवळजवळ मैलभर, एक शब्दही न बोलता, त्याला शाळेच्या बाकापर्यंत पोहोचवितात. रागावणे नाही, उपदेश नाही. कर्तव्य हे बोलून दाखवावयाचे नसते, ही त्या घराण्याची शिकवण या एका प्रसंगात उतरली आहे.

हे आजोबा कोण होते? राष्ट्राध्यक्षपद गेल्यावर दोन वर्षांनी, १८३१ मध्ये, प्रतिनिधिगृहाचे साधे सभासद होण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. गुलामगिरीविरुद्धच्या अर्जांवर सभागृहात चर्चाच होऊ नये असा जो नियम झाला होता त्याच्याशी ते वर्षानुवर्षे झुंजले आणि १८४४ मध्ये तो रद्द करवूनच थांबले. मेक्सिकन युद्धाला त्यांचा विरोध होता. १८४८ च्या फेब्रुवारीत त्या युद्धातील अधिकाऱ्यांच्या गौरवाचा विषय सभागृहापुढे असताना ते आसनावर कोसळले आणि दोन दिवसांनी त्याच इमारतीत वारले. ज्या युद्धाला हा म्हातारा अखेरच्या श्वासापर्यंत विरोध करीत राहिला, त्याच युद्धात पंचविशीतील ग्रँट लढत होते. आणि आयुष्याच्या अखेरीस त्या म्हाताऱ्याचाच निर्णय त्यांनी आपल्या शब्दांत दिला. ॲडम्स घराण्याचा नैतिक वारसा एका परक्या चर्मव्यावसायिकाच्या मुलाकडे असा नकळत पोहोचला होता. नातवाला मात्र तो तेथे ओळखता आला नाही.

१८६९ मध्ये हेन्री ॲडम्स वॉशिंग्टनमध्ये वृत्तपत्रीय लेखन करीत होते. ग्रँट यांच्या मंत्रिमंडळाची नावे ऐकताच आपली सारी आशा मावळली, असे ते लिहितात. ग्रँट त्यांना उत्क्रांतिपूर्व काळातील मनुष्य वाटले. वॉशिंग्टनपासून ग्रँटपर्यंतची परंपरा पाहिली तर डार्विनचा सिद्धान्त खोटा ठरतो, हा त्यांचा शेरा पिढ्यान्‌पिढ्या अवतरला गेला. वाक्य चटकदार आहे. भ्रष्टाचाराविषयीचा ॲडम्स यांचा संताप खराही होता. १८६९ मधील सोन्याच्या सट्ट्याचे प्रकरण त्यांनी तपशीलवार चव्हाट्यावर मांडले. पण ज्या आठ वर्षांवर ते हा निकाल देतात त्या वर्षांत दक्षिणेत नुकतेच मुक्त झालेले लक्षावधी कृष्णवर्णीय नागरिक मतासाठी प्राण पणाला लावीत होते, याची दखल त्या निकालात नाही. बालपणी वॉशिंग्टनकडे जाताना पाहिलेली गुलामगिरी त्यांच्या पानांत दुःस्वप्नासारखी जिवंत आहे; गुलाम मुक्त झाल्यावर मात्र तो ग्रंथातून नाहीसा होतो. गुलामगिरी हा त्यांच्या सदसद्विवेकाचा विषय होता. मुक्त माणूस त्यांच्या अनुभवाचा विषय झाला नाही.

शैलीच्या दृष्टीनेही हा ग्रंथ पहिल्याच्या बरोबर उलट आहे. ॲडम्स स्वतःविषयी तृतीय पुरुषात लिहितात. ‘मी’च्या जागी ‘ॲडम्स’ आणि ‘तो’. ग्रँट क्रियापद असतील तर हे शुद्ध सर्वनाम आहे : स्वतःपासून दूर उभे राहून स्वतःकडे पाहणारे, उपरोधाने न्याहाळणारे, आणि ‘आपले शिक्षण फसले’ हा निष्कर्ष सौंदर्याने मांडणारे. येथेही एक प्रकरण गाळलेले आहे. १८७१ नंतर ग्रंथ एकदम १८९२ मध्ये उघडतो. मधल्या वीस वर्षांत विवाह आहे, अध्यापन आहे आणि १८८५ च्या डिसेंबरातील पत्नीची आत्महत्या आहे. त्या पत्नीचे नावही ग्रंथात नाही. या मौनापुढे टीकाकाराने नम्रपणे थांबले पाहिजे. ते दुःख ॲडम्स यांचे स्वतःचे होते आणि ते झाकून ठेवण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. ग्रँट यांचे मौन आणि ॲडम्स यांचे मौन यांत हाच भेद आहे, आणि अशा ग्रंथांच्या टीकेने हा भेद प्रथम लक्षात घेतला पाहिजे : एका मौनात स्वतःचे दुःख आहे, दुसऱ्यात लोकांचे.

५

ते लोकांचे प्रकरण लिहिणारा लेखक १८४७ मध्ये लुइझियानातील एका मळ्यावर गुलाम म्हणून जन्माला आला. स्वातंत्र्य आले तेव्हा जॉन रॉय लिंच किशोरवयीन होते. मिसिसिपीतील नॅचेझ येथे छायाचित्रकाराच्या दुकानात काम करीत ते शिकले. विशीच्या आत-बाहेर असताना न्यायाधिकारी झाले, चोविसाव्या वर्षी राज्याच्या विधिमंडळाचे सभापती झाले आणि १८७३ मध्ये राष्ट्राच्या प्रतिनिधिगृहात दाखल झाले.

१८७३ हे साल मराठी वाचकाला निराळ्या कारणाने परिचित आहे. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि गुलामांच्या मुक्तीसाठी निरपेक्षपणे स्वार्थत्याग करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना ती अर्पण करून, आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा अशी इच्छा व्यक्त केली. ती अर्पणपत्रिका कोणा राष्ट्राध्यक्षाला नव्हती, लोकांना होती. पुढे ग्रँट यांनीही आपला ग्रंथ अमेरिकन सैनिकाला आणि नाविकाला अर्पण केला. फुले ती पत्रिका छापीत होते त्या वर्षी वॉशिंग्टनमध्ये जन्माने गुलाम असलेला तरुण कायदे करावयास बसत होता. आणि त्याच वर्षी, एप्रिल महिन्यात, लुइझियानातील कोलफॅक्स येथे कृष्णवर्णीयांची सामुदायिक कत्तल झाली. मुक्तीचे आश्वासन आणि त्याचा भंग ही दोन्ही पाने एकाच सालात उघडी आहेत.

लिंच यांच्या ग्रंथाचा मध्यबिंदू १८७५ मध्ये आहे. मिसिसिपीतील निवडणुकीत शस्त्रांच्या बळावर कृष्णवर्णीय मतदारांना घरी बसविण्याचा उघड बेत शिजत होता. गव्हर्नर एडेलबर्ट एम्स यांनी केंद्राकडे सैन्याची मागणी केली. सैन्य आले नाही. निवडणूक दहशतीने जिंकली गेली. लिंच स्वतः कसेबसे निवडून आले आणि काही दिवसांनी एका पोस्टमास्तरच्या नेमणुकीच्या कामासाठी राष्ट्राध्यक्षांना भेटावयास गेले. काम आटोपल्यावर त्यांनी विचारले, मदत का नाकारली?

लिंच यांनी दिलेल्या हकीकतीनुसार ग्रँट यांनी काहीही लपविले नाही. मागणी मान्य करण्याचे आपण आधी ठरविले होते. पण ओहायोतील पक्षाचे पुढारी येऊन म्हणाले की सैन्य धाडले तर ऑक्टोबरातील ओहायोची निवडणूक हातची जाईल, आणि मिसिसिपी तर तसेही वाचणार नाही. एका बाजूला कर्तव्य होते, दुसऱ्या बाजूला पक्षाचे बंधन. आपण घुटमळलो आणि अखेर पक्षापुढे नमलो. नमावयास नको होते. त्या वेळीही आपण मोठी चूक करीत आहोत असे वाटत होते. मिसिसिपीत जे घडले ती पुढे येणाऱ्या गोष्टींची नुसती सुरुवात आहे, असेही ते म्हणाले. ओहायो खरोखरच थोड्या मतांनी जिंकले गेले. तेथे गव्हर्नर झालेले रदरफर्ड हेज दोन वर्षांत राष्ट्राध्यक्ष झाले आणि १८७७ मध्ये, त्यांच्याच कारकिर्दीत, दक्षिणेतील पुनर्रचनेचा उरलासुरला आधार काढून घेण्यात आला.

हे संभाषण वाचताना वाचक चमकतो तो एका गोष्टीमुळे. येथे बोलणारे ग्रँट वार्षिक निवेदनातील ग्रँट नाहीत. कोल्ड हार्बरची खंत नोंदविणारे ग्रँट आहेत. कर्ता पुन्हा आपल्या जागी उभा आहे. चूक साहाय्यकांच्या निवडीत झाली असे तो येथे म्हणत नाही. मी घुटमळलो, मी नमलो, असे म्हणतो. आठवणींच्या ग्रंथात जे प्रकरण नाही त्याचा खरा आवाज आपल्याला ऐकू येतो तो असा दुसऱ्याच्या पानावरून. आणि ज्याच्या लोकांशी केलेला करार मोडला गेला त्याच्याच पानावरून.

लिंच यांच्या ग्रंथाच्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. त्यांचे गद्य वकिली आहे. ठरावांची आणि नेमणुकांची माहिती फार आहे. आपल्या पक्षाचा बचाव करण्याची घाई जागोजागी दिसते. वरील संभाषण घडल्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी ते लिहिले गेले आणि त्याला दुसरा साक्षीदार नाही. चाळीस वर्षांत स्मरण वाक्यांना गोलाई देते, हे विसरून चालणार नाही. परंतु या स्मरणात सूडाचा लवलेश नाही. ज्या निर्णयाने लेखकाचे राज्य, त्याचे मतदार आणि पुढे त्याचे स्वतःचे राजकीय जीवन हिरावून घेतले, तो निर्णय घेणाऱ्याला तो त्याच्या पुऱ्या मनुष्यत्वासह उभा करतो : चुकलेला, चूक जाणणारा आणि ती समोरच्याला सांगण्याचे धैर्य असलेला. शत्रूविषयीचे औदार्य आणि कार्याविषयीचा निःसंदिग्ध निर्णय यांचा जो मेळ ग्रँट यांनी ॲपोमॅटॉक्सच्या वर्णनात साधला, तोच लिंच यांनी ग्रँट यांच्या बाबतीत साधला आहे. फरक एवढाच की येथे समोरचा मनुष्य शत्रू नव्हता, मित्र होता, आणि म्हणून काम अधिक अवघड होते.

६

हे प्रकरण वाचले जाण्यास फार वेळ लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी कोलंबिया विद्यापीठातील विल्यम डनिंग आणि त्यांचे शिष्य यांनी पुनर्रचनेचा जो इतिहास लिहिला त्यात कृष्णवर्णीयांचा मताधिकार हीच मूळ चूक ठरविली गेली. ॲडम्स यांच्या उपरोधाने ग्रँट यांची आठ वर्षे हास्यास्पद झाली होती. या इतिहासाने ती निंद्य झाली. लिंच यांनी १९१३ मध्ये ग्रंथ लिहून आणि पुढे लेखांतून या इतिहासकारांना पुराव्यानिशी उत्तरे दिली. ती फारशी कोणी ऐकली नाहीत. १९३५ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी पुनर्रचनेवरील आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा या प्रश्नाला खरी वाचा फुटली. लिंच १९३९ मध्ये वारले. त्यांचे स्वतःचे आत्मचरित्र तर १९७० मध्ये छापले गेले. फुल्यांनी ज्या प्रश्नाशी आपले नाते जोडले होते त्याची पुढची कडीही येथेच आहे : लिंच यांचा ग्रंथ निघाला त्या १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर त्याच कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले आणि १९४६ मध्ये त्यांनी डुबॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याची आठवण दिली.

एका थोर ग्रंथात एक प्रकरण नसले तर काय होते, याचा हा हिशेब आहे. ग्रँट यांचे गद्य असे होते की ज्यावर लोक विश्वास ठेवीत. युद्धाविषयी त्यांनी जे लिहिले ते टिकले. पुनर्रचनेविषयी त्यांनी लिहिले नाही, तेव्हा ती जागा अधिक सुंदर वाक्ये लिहिणाऱ्यांनी आणि अधिक निष्ठुर सिद्धान्त मांडणाऱ्यांनी घेतली. सत्य सांगण्याची ताकद ज्या भाषेत असते तिचे मौन इतर भाषांच्या मौनापेक्षा अधिक महाग पडते.

म्हणून लोकसेवेचा वारसा एका ग्रंथात शोधता येत नाही, असे म्हणावेसे वाटते. सेवकाने केलेल्या कामाचा वृत्तान्त सेवक लिहील. त्याची पारख दूर उभा असलेला बुद्धिमान प्रेक्षक करील. पण जे काम अर्धवट राहिले त्याची नोंद, ज्याच्यासाठी ते व्हावयाचे होते त्याच्याच हातून व्हावी लागते. वाङ्मयाच्या इतिहासाने आजवर पहिल्या दोन ग्रंथांना मानाची आसने दिली आणि तिसऱ्याला दप्तरात ठेवले. सौंदर्याच्या मापाने पाहिले तर हा क्रम चुकीचा नसेलही. परंतु ग्रँट यांचा ग्रंथ हाती घेणाऱ्याने शेवटचे पान उलटल्यावर लिंच यांच्या १८७५ च्या भेटीचे पान उघडावे. त्याच्या ध्यानात येईल की, क्रियापदाचे आत्मचरित्र तेथे पुरे होते. आणि ते पुरे करणारा हात एका गुलाम म्हणून जन्मलेल्या माणसाचा आहे.